शेपटावरून दिसलेलं कोकण

आमच्या क्लबात सगळ्यात शेवटच्या गाडीला शेपूट म्हणतात. इतर क्लबांत स्वीप म्हणतात, कुणी टेल म्हणतं. आमच्याकडे शेपूटच. जानेवारीतल्या कोकण राईडचं शेपूट मी होतो आणि ते मला अजिबात नको होतं.

त्याआधी मी पहिल्या तिघांत असायचो. गेल्या पावसाळ्यात पसरणी घाटात एका एसटीला ओव्हरटेक करताना समोरून टेम्पो आला, मी हातभर अंतराने आत शिरलो. कुणाला लागलं नाही, गाडीला ओरखडाही आला नाही. पाचगणीला चहा पितानाही त्यावर कुणी काही बोललं नाही. पण त्यानंतर बुधवारी कर्वे रोडच्या टपरीवर राईडची यादी निघाली की माझं नाव खाली खाली सरकायला लागलं, आणि या वेळी थेट तळाला. अप्पा आमचे रोडकॅप्टन, बँकेतून निवृत्त झालेले. कारण विचारलं तर म्हणाले, "तुझे दिवे चांगले आहेत, लांबून दिसतात."

बैठकीत गंमत कमी आणि कागदपत्रंच जास्त असतात. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. प्रत्येकाचा रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर एका कार्डावर, ते कार्ड जॅकेटच्या डाव्या खिशात. सगळ्यांचं डाव्याच खिशात, कारण शोधणाऱ्याला शोधायला लागू नये. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा बकलपर्यंत ओढलेला. सायलेन्सर कंपनीचाच. फटफट आवाजाची हौस असेल त्याने दुसरा क्लब शोधावा, हे अप्पा दर वेळी सांगतात आणि दर वेळी कुणीतरी मान खाली घालतं.

नऊ गाड्या, दहा माणसं. अप्पांची जुनी बुलेट. मास्तरीणबाई हिमालयनवर, शाळेत भूगोल शिकवतात. कात्रजला गॅरेज असलेले वस्ताद, त्यांच्या सॅडल बॅगेत कपड्यांपेक्षा पाने जास्त. एक डॉक्टर असते तर बरं झालं असतं, पण नव्हते. एक नवरा-बायको डबल सीट होते, त्यातली वहिनी फार्मसीवाली. काका बासष्ट वर्षांचे, स्प्लेंडरवर. आणि बारका, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, क्लबात तिसरीच राईड, गाडी आमच्या सगळ्यांपेक्षा जोरात पळणारी.

पहिला दिवस: पुणे ते हरिहरेश्वर

पहाटे साडेपाचला चांदणी चौकाच्या पुढे जमलो. अंधारात नऊ टॉर्च नऊ टायरांवर. हवा, तेल, दिवे, ब्रेक, चेन. टायर गार असतानाच हवा बघायची, गाडी चालवून आल्यावर आकडा फसवतो. काकांनी स्प्लेंडरच्या चेनवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं: काळं तेल, वाळूचा कण नाही. "पाचशे किलोमीटरला एकदा," ते म्हणाले. मी माझी चेन दाखवली नाही.

आमची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मोकळ्या रस्त्यावर झिगझॅग चालायचं: पहिली गाडी लेनच्या उजवीकडे, दुसरी डावीकडे, तिसरी पुन्हा उजवीकडे. समोरच्याच्या मागे दोन सेकंद अंतर. ते मोजायचं कसं? पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात म्हणायचं, एक गणपती, दोन गणपती. दुसरा गणपती संपायच्या आत तुम्ही खांबाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. साठच्या वेगात दोन सेकंद म्हणजे साधारण तेहतीस मीटर. ऐकायला भरपूर वाटतं, समोर म्हैस आली की पुरत नाही. घाटात झिगझॅग बंद, एका रांगेत, आणि चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची.

रस्ता चुकू नये म्हणून फाट्यावर माणूस ठेवायचा. अप्पा वळले की त्यांच्या लगेच मागचा वळणावर थांबतो, हाताने दिशा दाखवत राहतो. सगळे गेले, शेपूट दिसलं, की तो गाडीला गियर घालतो आणि शेपटाच्या पुढे लागतो. म्हणजे पुढचा फाटा येईपर्यंत दुसऱ्या नंबरला दुसराच कुणी असतो. दिवसभरात सगळ्यांची पाळी येते. अप्पा आणि शेपूट, दोघंच आपल्या जागेवर.

पौड गेलं, मुळशीचं पाणी उजाडताना दिसलं. धरणाच्या काठावर चहा. मास्तरीणबाईंनी सवयीने वर्ग घेतला: या पाण्याखाली गावं आहेत, 1921 साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने इथे शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पाणी इथे अडतं आणि वीज होते खाली भिऱ्याला. बारका म्हणाला, मी इथे दहा वेळा आलोय रील काढायला. बाई हसल्या. चिडल्या नाहीत, हे नोंदवून ठेवतो.

ताम्हिणीत थंडी होती आणि रस्ता रिकामा. पावसाळ्यात इथे काय चालतं ते माहीत आहे, धबधब्याखाली गाड्या आडव्या लावून नाचणारे. जानेवारीत घाट शहाण्यासारखा वागतो. फक्त सावलीतल्या वळणांवर दवाने रस्ता ओला होता, आणि कोरड्यावरून ओल्यावर गाडी गेली की हँडल क्षणभर हलकं होतं. पुढून एकेकाच्या इंजिनाचा आवाज उतरत होता. उतारावर ब्रेक दाबत बसायचं नाही, खालच्या गियरमध्ये गाडीच गाडीला धरते. मागून ऐकलं की कळतं कोण गियर वापरतोय आणि कुणाचा लाल दिवा पेटलेलाच आहे. बारक्याचा दिवा पेटलेलाच होता. मी निजामपूरला त्याला सांगितलं. तो "हो दादा" म्हणाला. 'हो दादा'चे अर्थ बरेच असतात.

माणगावला हायवे ओलांडताना म्हसळ्याकडचा फाटा. तिथे वहिनी आणि तिचा नवरा उभे, वहिनीचा हात रस्त्याकडे आडवा, दुसऱ्या हातात वडापाव. मी हॉर्न दिला, ते निघाले. इथून पुढे लाल माती, आंब्याचा मोहोर आणि तो वास. हेल्मेटची काच दोन बोटं वर केली की मोहोर नाकात. गेली सहा वर्षं मी या रस्त्याने येतोय आणि मोहोराचा वास मला पहिल्यांदा आला, कारण पूर्वी काच वर करायला वेळ कुठे असायचा.

हरिहरेश्वरला जेवायला दीड वाजला. घरगुती खानावळ, केळीचं पान, उकडीचे मोदक, सोलकढी. संध्याकाळी प्रदक्षिणेच्या वाटेकडे गेलो. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून समुद्राच्या कडेने ही वाट जाते. भरतीच्या वेळी जाऊ नका असा फलक आहे, आणि फलकाच्या पलीकडे एक कुटुंब सेल्फी काढत होतं. खानावळीच्या मालकांनी हाका मारमारून त्यांना परत बोलावलं. आम्हाला म्हणाले, "ओहोटीला सांगतो मी तुम्हाला, तेव्हा जा." मग त्यांनी अंगणात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मीठ-ओवा. मडकं उपडं ठेवून वरून काटक्या-गवताचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. काकांनी पहिली शेंग सोलून सगळ्यांच्या आधी मास्तरीणबाईंना दिली. का, ते विचारायचं राहून गेलं.

दुसरा दिवस: हरिहरेश्वर ते गुहागर

सकाळी बागमांडल्याहून जंगलजेटी, म्हणजे गाड्यांसकट खाडी ओलांडणारी बोट. सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, म्हणजे रायगड संपला, रत्नागिरी सुरू. जेटीचा उतार ओहोटीला उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. तिथे पुढचा ब्रेक दाबलात तर आडवे झालातच. अप्पांनी एकेकाला सोडलं: पहिल्या गियरमध्ये, दोन्ही पाय खाली, क्लचवर. बोटीवरचा लोखंडी पत्राही ओलाच. बोटीवरचा माणूस ओरडला, "न्यूट्रल नको, गियरमध्ये ठेवा, हात सोडू नका." साइड स्टँड लावून प्रत्येकजण आपल्या गाडीला रेलून उभा, वर बगळे, खाली डिझेलचा धूर. काकांनी स्प्लेंडरचं चाक पायाने अडवलं होतं, वर हातही ठेवला होता, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

वेसवीहून आतल्या रस्त्यांनी केळशी. एका गाडीपुरता रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वळणापलीकडून एसटीचा हॉर्न. इथे झिगझॅग-बिगझॅग विसरा. आडे गावाच्या फाट्यावर थांबायची पाळी बारक्याची होती. मी पोचलो तेव्हा तो ऊन खात बसलेला, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलेलं. मधल्या गाड्या जाऊन दोन-तीन मिनिटं झाली होती, कारण मी मागे एका बैलगाडीला वाट देत होतो. बारक्याने हेल्मेट चढवलं, ग्लोव्हज घातले, जॅकेटची चेन ओढली. मला घाई झाली. पुढचे दिसेनात, मनात आलं की अप्पा पुढे थांबून वैतागले असतील. मी हाताने खूण केली: चल, चल.

मीच केली ती खूण. हे मी क्लबातही सांगितलंय.

बारका सुटला. पाडल्याच्या अलीकडे एक उताराचं डावं वळण आहे, आतल्या बाजूला डोंगर, बाहेरच्या बाजूला आंब्याची बाग. वळणाच्या पोटात पावसाने आणून टाकलेली बारीक लाल खडी, साईडपट्टीवरून रस्त्यावर आलेली. ती मला त्याच्या मागून दिसली, त्याला वळणात शिरल्यावर दिसली. गाडी झुकलेली असताना त्याने पुढचा ब्रेक धरला. त्याच्या गाडीला एबीएस आहे. पण सरळ चालताना चाक अडकू नये एवढंच साधं एबीएस बघतं, झुकलेल्या गाडीखालून निसटणाऱ्या खडीला ते काय करणार. आवाज मोठा नव्हता. पत्र्याचा डबा घसरत जावा तेवढा. गाडी फिरत बाहेर गेली, बारका तिच्या मागोमाग पोटावर.

माझी गाडी मी वळणाच्या आधी, वर, आडवी लावली, चारही इंडिकेटर चालू केले, टॉर्च पेटता ठेवून रस्त्यावर उभा केला. आधी मागचा रस्ता बंद करायचा, मग माणसाकडे जायचं. हे शिकवलेलं असतं, पण करताना पाय माणसाकडेच धावतात. त्याच्यापाशी गेलो तर तो उठायला बघत होता. खांद्यावर हात ठेवून सांगितलं, पडून राहा. नाव काय तुझं? आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंस? "पोहे. दादा, गाडी बघा ना." मान दुखत नाही, बोटं हलतात, पाय हलतात. मग त्यानेच हेल्मेट काढलं. बेशुद्ध असता तर हात लावला नसता. तेव्हा एकाने मान धरून ठेवायची आणि दुसऱ्याने हेल्मेट सोडवायचं असतं, आणि तेही श्वास अडत असेल तरच.

ग्लोव्हजच्या तळव्याचं चामडं पूर्ण खरवडून गेलं होतं. आतला तळवा शाबूत. ते ग्लोव्हज नसते तर तिथे काय राहिलं असतं ते मी बराच वेळ बघत बसलो. जॅकेटचं कोपर फाटलेलं, कोपर ठीक. गुडघा मात्र सोललेला, कारण गुडघ्याचे गार्ड बॅगेत होते. जीन्सवर घातले की फोटोत बरे दिसत नाहीत म्हणे.

बागेतून एक आजी आल्या, हातात पाण्याचा तांब्या. "कुठचे?" पुण्याचे. "घरी आई आहे ना?" आहे. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पाणी त्याच्या गुडघ्यावर ओतून माती धुऊन काढली, आणि त्या पदराने पुसायला निघाल्या तेव्हा मी घाईने माझ्या पेटीतला गॉज पुढे केला. तोपर्यंत अप्पा परत फिरून आले होते. पाडल्याला थांबून मोजले, तर दोन कमी. वहिनीने जखम नीट धुऊन पट्टी केली, दापोलीत दवाखान्यात दाखवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं ठरलं.

वस्तादांनी गाडी उभी केली. क्लचचा लिव्हर टोकाशी तुटला होता, पण दोन बोटांपुरता शिल्लक. ब्रेकचा लिव्हर वाचला, कारण क्लॅम्प जरा सैल ठेवलेला होता. तो पडताना वळला, मोडला नाही. हे वस्तादांनीच चांदणी चौकात करून दिलेलं, बारक्याला पत्ताही नव्हता. हँडल वाकडं झालं होतं. वस्तादांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, वरचे बोल्ट ढिले केले, हँडल धरून एक पिळा दिला, सरळ. टाकीखाली पेट्रोल गळत नाही ना ते बघितलं, वास घेतला, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली तेव्हा बारक्याला रडू आलं. आम्ही सगळे मोहोराकडे बघायला लागलो.

हेल्मेटवर उजव्या कानाशी बोटभर ओरखडा होता. अप्पांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं. "हे आता निवृत्त. आतलं थर्माकोल एकदा दाबलं गेलं की परत फुगत नाही, वरून काही दिसो न दिसो." वस्तादांच्या बॅगेत जादा हेल्मेट नव्हतं. बारका ती बॅग आणि ते हेल्मेट घेऊन वहिनीच्या नवऱ्याच्या गाडीवर मागे बसला, वहिनी मास्तरीणबाईंच्या मागे, आणि बारक्याची गाडी वस्तादांनी चालवली. वस्तादांची गाडी आजींच्या अंगणात राहिली. दापोलीहून नवं हेल्मेट घेऊन दोघे ती न्यायला परत आले. या सगळ्यात तीन तास गेले. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती खालूनच नमस्कार करून सुटला, हर्णैला सुवर्णदुर्ग दुरून बघितला.

दाभोळला बोटीत चढलो तेव्हा सूर्य वाशिष्ठीच्या मुखात उतरत होता. पलीकडे धोपावे. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही हा नियम त्या दिवशी मोडला. गुहागरपर्यंतचा तो तुकडा चाळीसच्या वेगाने, पुढच्या लाल दिव्यावर नजर ठेवून. उजव्या हाताला वीजप्रकल्पाचे दिवे. आता कंपनी वेगळी आहे, पण रस्ता विचारलात तर लोक अजून एन्रॉनच म्हणतात.

रात्री गुहागरच्या वाळूत अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. मी खूण केल्याचं त्यांना सांगितलं. वाटलं होतं, पसरणीचं काढतील. नाही काढलं.

"रांगेत पुढचा साठने जातो ना," ते म्हणाले, "तेव्हा शेवटचा ऐंशीने जात असतो. पुढचा वळणावर हळू होतो, मागचे त्याच्यावर दाटतात. पुढचा सुटतो, मागच्यांच्यात फट पडते, ती भरायला ते पळतात. रबरासारखं असतं ते. म्हणून मेले तर मागचेच मरतात." थोडं थांबून म्हणाले, "फट तू भरू नकोस. फट माझी आहे. मला आरशात तू दिसला नाहीस की मी हळू होतो. एवढंच माझं काम आहे."

तिसरा दिवस: गुहागर ते रत्नागिरी

सकाळी व्याडेश्वराच्या देवळात जाऊन आलो. निघताना अप्पांनी यादी बदलली नाही. बारक्याला सुजलेल्या गुडघ्याने गाडी चालवायची होती, वहिनीने वाकवायला लावला, तो कळवळला, विषय संपला. त्याची गाडी आज मी चालवणार आणि माझ्या गाडीवर वहिनीचा नवरा, तो लायसन्सवाला पण बायकोच्या मागे बसायला राजी... सोडा, अदलाबदल एवढी झाली की शेवटी कोण कुणाच्या गाडीवर हे फक्त वस्तादांना ठाऊक होतं. बारका माझ्या मागे बसला. म्हणजे शेपटावर दोघे.

आणि त्या दिवशी मी फट भरली नाही. पालशेतच्या पुढे रांग दिसेनाशी झाली तरी पन्नासवरच राहिलो. सुपारीच्या बागांतून रस्ता खाली उतरतो, गारवा लागतो, पुन्हा सड्यावर चढतो, तिथे नुसतं पिवळं गवत आणि ऊन, आणि चढ संपताना एकदम खाली समुद्र. दर फाट्यावर कुणीतरी आमची वाट बघत उभं होतं. वेळणेश्वरच्या फाट्यावर मास्तरीणबाई काजूच्या झाडाखाली. हेदवीला काका, स्प्लेंडरला टेकून, शेजारच्या दुकानदाराशी दुधाच्या भावावर बोलत. मला बघून घड्याळ बघितलं नाही. नुसतं हेल्मेट चढवलं, पट्टा ओढला, आरसा बघितला, इंडिकेटर दिला, मान वळवून मागे बघितलं आणि मग निघाले. रिकाम्या रस्त्यावर. बारका मागून म्हणाला, "काका दर वेळी हे सगळं करतात?" मी म्हटलं, मलाही आजच कळतंय.

हेदवीला बामणघळ बघितली. खडकाच्या चिंचोळ्या फटीत भरतीचं पाणी शिरतं आणि कारंज्यासारखं वर उडतं. तवसाळहून पुन्हा जंगलजेटी, शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. मालगुंडला मास्तरीणबाईंच्या हट्टाने केशवसुतांचं घर. 1866 साली ते इथे जन्मले. गणपतीपुळ्याला एवढी गर्दी की दर्शन कळसाचंच घेतलं.

आरे-वारेच्या रस्त्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी कमी लिहितो. समुद्राला खेटून वर चढत जाणारा रस्ता आहे आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी गाडी रस्त्यातच लावून फोटो काढत असतं. आमचा नियम, वळणावर थांबायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी. सरळ पट्टा बघून, रस्त्याच्या पूर्ण बाहेर. नऊ गाड्या बाहेर लावल्या, फोटो काढला. त्या फोटोत बारक्याने जीन्सवर गुडघ्याचे गार्ड घातलेत, तेही दोन्ही. एका गुडघ्यावर तर जाड पट्टी होती, वर गार्ड. काही बोललो नाही.

रत्नागिरीत मुक्काम. थिबा राजवाड्यापाशी संध्याकाळ. ब्रह्मदेशाच्या राजाला 1885 साली इंग्रजांनी गादीवरून उतरवून इकडे आणलं, राजवाडा 1910 च्या सुमाराला झाला आणि 1916 साली तो इथेच गेला. घरी परत न गेलेला माणूस, असं काका म्हणाले आणि लगेच फोन काढून काकूंना फोन केला.

चौथा दिवस: रत्नागिरी ते पुणे

हा दिवस नुसता अंतर कापायचा. हातखंबा, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर, मग हायवेने सातारा आणि पुणे. साडेतीनशेच्या वर. पहाटे निघालो, आंबा घाटात वर धुकं, खाली ऊन. बारक्याचा गुडघा बराच उतरला होता, वहिनीने उठाबशा काढायला लावल्या आणि परवानगी दिली. अप्पांनी त्याला थेट आपल्या मागे घेतलं आणि सांगितलं, आज फाट्यावर तू थांबायचं नाहीस.

घाट चढून मलकापूर गेलं की कोकण संपतं आणि ऊस सुरू होतो. हंगाम चालू होता. कोकणातल्या खडीपेक्षा मला या रस्त्याची भीती जास्त वाटते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि आत गाणी एवढी मोठी की हॉर्न ऐकू जाणं शक्यच नाही. ओव्हरटेक करताना पहिल्या ट्रॉलीपाशी वाटतं झालं, तर पुढे दुसरी असते. रस्त्यावर पडलेलं ऊसाचं कांडं चाकाखाली आलं तर बेअरिंगवर चालल्यासारखं. अप्पांनी दर वेळी एकेकालाच सोडलं. पुढचा पूर्णपणे आपल्या बाजूला आला, त्याच्यापुढे जागा झाली, मग दुसरा. एका ट्रॅक्टरला नऊ गाड्यांनी मागे टाकायला दहा मिनिटं लागली. पूर्वी मी यात दुसरा असायचो आणि तिसऱ्याला हाताने बोलावत असायचो, ये, ये, मोकळं आहे. आपल्याला मोकळं असलं म्हणजे मागच्याला मोकळं असतं असं नाही. कुणीच कुणाला हाताने बोलवायचं नाही, असा नियम आता लिहून काढलाय.

कोल्हापुरात मिसळ. कट दोनदा मागितला, घाम पुसला आणि पुढच्या राईडची भांडणं सुरू. फेब्रुवारीत एक दिवसाची भुलेश्वर, सकाळी जाऊन दुपारी घरी; हे लगेच मान्य. मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला, इथे मास्तरीणबाईंची अट, गाड्या गावाबाहेर लावायच्या आणि किनाऱ्यावर टॉर्च नको. जूनआधी एका रविवारी राईड नाहीच, कात्रजला वस्तादांच्या गॅरेजात सगळ्यांनी चेन, पंक्चर आणि प्रथमोपचार शिकायचे. टायरवरची तारीख वाचायलाही. रबरावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. तिथल्या तिथे सगळे मिसळ सोडून आपापल्या टायरांपाशी वाकले. माझा मागचा टायर निघाला 1417. म्हणजे 2017 सालातला चौदावा आठवडा. वस्तादांनी काही न बोलता माझ्याकडे बघितलं. नक्षी चांगली होती हो अजून, पण रबर नखाने दाबलं तर लाकडासारखं.

त्या टायरवर मी शेपूट होतो.

पुढे हायवे. कामं चाललेली, दर दहा किलोमीटरला वळवलेला रस्ता, सेवारस्त्यावरून उलटे येणारे. कराडला पाणी, साताऱ्याला चहा. खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याच्या बाजूला उताराचं ते एस वळण लागतं. बोगद्याच्या अंधारातून डोळे बाहेर येतात न येतात तोच उतार, वेग आणि वळण. बोगद्यातच अप्पांचा डावा हात खाली गेला, तळवा जमिनीकडे, वर-खाली: हळू. तो हात एकेका पाठीवरून माझ्यापर्यंत आला. माझ्या मागे कुणी नव्हतं, एक ट्रक होता. मीही हात खाली केला. ट्रकवाल्याने चक्क वेग कमी केला.

वारज्याला पूल चढायच्या आत पांगलो. घरी पोचलो की ग्रुपवर दोन शब्द टाकायचे, ही शेवटची पद्धत. शेपटाने सगळ्यांचे आले की मग आपला टाकायचा. सात वाजता मास्तरीणबाई. मग वहिनी, दोघांचा एकच. वस्ताद. अप्पा. आठ वाजता बारक्याचा, सोबत नव्या हेल्मेटचा फोटो आणि खाली आईचा आवाज असलेला ऑडिओ, तो मी ऐकला नाही. नऊपर्यंत सगळे आले, काका सोडून. काका राहतात सिंहगड रोडला, सगळ्यात जवळ. साडेनऊला फोन लावला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

काकूंनी उचलला. म्हणाल्या, "अहो ते खाली आहेत कधीचे. गाडी धुतायत. चेनला ब्रश मारून झाला की येतो म्हणालेत."